भंगारातले पोलाद

वसतिगृहाच्या परसात शेकोटी बांधण्यासाठी आम्ही भंगारातले लोखंड जमवले. छपराचा जुना पत्रा पुढे येताच आठवीतला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हा नको. यावर जस्ताचा मुलामा आहे. फार तापला की धूर बाधतो." आपली आई भंगार वेचते, हे त्याने तोवर कोणालाही सांगितले नव्हते. त्यानेच ट्रकच्या चाकाची जाड पोलादी रिम निवडून विटांवर टेकवली. छिद्रांतून वारा खेळू लागला.

25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. श्रमणाऱ्यांना ज्ञानाचा अधिकार नाकारणारा तो ग्रंथ होता. यंदा त्या दिनी शेकोटीभोवती मी हा इतिहास सांगितला. धातूंचा धडा त्या मुलाने दिला, आणि तो कोणाकडून शिकला हेही त्याने सर्वांना सांगितले.