भूल आणि भीती

शस्त्रक्रियेत माणूस सुरीने जात नाही, भुलीने जातो, अशी आमच्या हदगावातल्या जुन्या मंडळींची ठाम समजूत. तिला हसू नये. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखावरील शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मखाली दगावली.

अशा मृत्यूंत आधी श्वास थांबतो की हृदय, या वादाचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न झाला तो आमच्याच मोगलाईत. हदगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली दोन कमिशने बसली. दुसऱ्यासाठी निजामाने हजार पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांना भूल देऊन निर्वाळा मिळाला : आधी श्वासच थांबतो, नजर श्वासावर ठेवा.

पण १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखविले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असली तर हृदय एकाएकी ठोके सोडून नुसते थरथरू लागते; रक्त पुढे जातच नाही. अॅड्रिनॅलिन त्या थरथरीला निमित्त होते, आणि भ्यालेल्या माणसाच्या रक्तात ते आपोआप उतरते. म्हणजे मंडळी भुलीला भीत, आणि ती भीतीच भूल घातक करी!

क्लोरोफॉर्म आता गेले, भीती राहिली. यंदा आषाढात नांदेडला आमच्या सौ.चे पित्ताशय दुर्बिणीने काढले. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई खाटेशी बसल्या आणि पाऊण तास सासर-माहेराच्या गोष्टी करीत राहिल्या. मधूनच विचारीत, "छाती धडधडते का? गोळ्या कोणत्या चालू आहेत?" सौ. त्या रात्री शांत झोपली. मी जागा होतो.

शस्त्रक्रियेनंतर बाईंनी सांगितले, पोटात वायू भरताच नाडी एकदम ३८ वर आली होती. पोट ताणले, की मेंदूतून हृदयाकडे जाणारी एक नस लगाम खेचते. त्यांनी वायू सोडायला लावला, अॅट्रोपिनची सुई दिली, नाडी वर आली. हे त्यांनी, भाजीचा भाव सांगावा, इतक्या सहज सांगितले. मला मात्र भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पडद्यावरची रेघ आता प्रत्येक ठोका दाखविते. पण धडधडीचा जुना त्रास रेघ आधी सांगत नाही. तो आपणच सांगायचा. हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि भीती वाटत असेल, तर तीही डॉक्टरांना खुशाल सांगावी.