ठिणगीची वेळ

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि माढा, करमाळा, इंदापूर या भागांतल्या कितीतरी गावांच्या दारांत अथांग पाणी येऊन उभे राहिले. जेथे पूर्वी औते चालत, तेथे आता नावा चालतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर डोकावते आणि खाली बुडालेल्या गावाची आठवण करून देते. हे पाणी एरवी शांत दिसते. पण वैशाखात एखाद्या दुपारी वादळ उठले, की त्याचे रूप पालटते. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी या गावांच्या दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी नाव उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. म्हणून या पाण्यावर पोट असलेला माणूस आपल्या इंजिनाकडून फार काही मागत नाही. दोरी ओढताच ते सुरू व्हावे आणि भर पाण्यात त्याने दगा देऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.

करमाळ्याकडचा एक कोळी आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा आपली जुनी मोटार पोत्यात गुंडाळून सोलापूरला एका मिस्त्रींच्या दुकानी घेऊन आले. नावेच्या मागच्या फळीला अडकवून पाण्यात सोडायची ही मोटार. वर इंजिन, खाली पंखा आणि दोहोंना जोडणारा उभा दांडा, अशी तिची साधी रचना असते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अशा मोटारी विकावयास काढल्या आणि पुढे त्या जगभर पसरल्या. मोठ्या नावांवर बहुधा डिझेलचे इंजिन असते. त्याला ठिणगी लागतच नाही. हवा दाबून दाबून इतकी तापते, की तेल आपोआप पेटते. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र ठिणगी हवी, आणि ती वेळेवर हवी.

“दोरी ओढली की उलटा हिसका देते, मिस्त्री,” कोळी म्हणाला. “परवा खांदा निखळायचा तेवढा राहिला.”

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहून विचारले, “तुझे वडील नावेत चढताना तू त्यांना मागून हात देतोस ना, लेकरा? ते पाय उचलण्याआधीच तू ढकललेस तर काय होईल?”

“पडतील की, मामा!”

“तसेच या इंजिनाचे झाले आहे.”

गोष्ट खरी होती. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर चढत असतो आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबीत असतो. तो शेंड्याला पोहोचण्याच्या बराच आधी ठिणगी पडली, तर पेटलेला वायू त्याला उलटा खाली लोटतो. तो धक्का दोरीतून हाताला बसतो. उलट ठिणगीला उशीर झाला, तर दट्ट्या खाली पळत सुटतो आणि आग त्याच्या मागे धावत राहते. तेल जळते, इंजिन तापते, पण नाव पुढे सरकत नाही.

मग ठिणगी अगदी शेंड्यावरच का पाडू नये? येथेच खरी मौज आहे. ठिणगी पडली म्हणजे सगळे मिश्रण तत्क्षणी पेटते, असे नाही. आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते आणि तिला काही वेळ लागतो. म्हणून वेगात चालणाऱ्या इंजिनात ठिणगी थोडी आधीच पाडावी लागते. ‘थोडी’ म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीही करू शकाल. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला एका सेकंदाचे हजार भाग केल्यास त्यांतले १५ भाग लागतात. ठिणगी शेंड्याच्या ३० अंश आधी पाडली, तर तो फेऱ्याचा बारावा हिस्सा झाला. म्हणजे आगीला हजारातले सव्वा भागच मिळाले! पापणी लवण्यासही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

शिवाय इंजिन संथ चालत असताना ही घाई नको आणि वेगात असताना ती हवी. म्हणून अशा पुष्कळ मोटारींत वेगाची मूठ फिरवली, की ठिणगीची यंत्रणा बसवलेली तबकडीही सोबत फिरते आणि ठिणगी आपसूक आधी पडू लागते. ज्याने हे पहिल्यांदा योजिले, त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

मिस्त्रींनी वरचे जड चाक उतरवले. त्या चाकाला आणि दांड्याला एकमेकांशी बांधून ठेवणारी धातूची एक चिमुकली चावी असते. ती अर्धवट कातरली गेली, तर चाक सरकते आणि साऱ्या वेळा चुकतात. त्यांनी प्रथम ती पाहिली. ती शाबूत होती. मग त्यांनी पॉइंटांकडे नजर वळवली. पॉइंट म्हणजे धातूची दोन टोके. ती जुळलेली असतात तोवर तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते; दांड्यावरचा उंचवटा त्यांना दूर लोटतो, प्रवाह तुटतो, आणि त्याच क्षणी प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. गंमत अशी, की ठिणगी पडते ती टोके जुळताना नव्हे, विलग होताना! पट्टी घालून पाहिले, तर त्यांतले अंतर पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरले. या मोटारीला अर्धा मिलिमीटर हवा. अंतर वाढले, की टोके लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. कोणीतरी अंदाजाने पेच फिरवून ठेवला होता.

मिस्त्रींनी टोके घासून साफ केली, अंतर बसवले, मूठ पूर्ण वेगाकडे फिरवून ठेवली आणि प्लगच्या भोकातून एक सळई आत सोडली. दट्ट्याचा शेंडा शोधणे वाटते तितके सोपे नसते. तेथे दट्ट्या क्षणभर थबकल्यासारखा होतो. दांडा फिरत राहतो, पण सळई हलत नाही. नवशिका तेथेच फसतो. मिस्त्रींनी दांडा एका बाजूने फिरवून सळई ठराविक खोलीवर आली तेथे खूण केली, मग दुसऱ्या बाजूने तितक्याच खोलीवर दुसरी खूण केली. दोन्ही खुणांचा मध्य तोच शेंडा. मग पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी पॉइंटांत धरून ती त्यांनी मुलाच्या हाती दिली.

“हलकेच ओढून धर. सुटली की सांग.”

दांडा केसाकेसाने फिरू लागला. मुलाने श्वास रोखला होता. “सुटली, मामा!”

सळईवरची खूण अजून एक मिलिमीटर चुकत होती. तबकडीचा पेच सैल करून ती किंचित सरकवली. पुन्हा पट्टी, पुन्हा तेच. पाचव्या वेळी पट्टी खुणेवरच सुटली.

मिस्त्री तरुणपणी यंत्रमागावर होते. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठत आले; गिरण्या पुढे बंद पडल्या, पण चादरी विणणारे माग राहिले. ताण्याचे दोर वर-खाली होऊन मधली वाट मोकळी होते, नेमका तेव्हाच धोट्याला ठोका बसावा लागतो. तो चुकला, तर धोटा दोरांत अडकून शेकडो धागे तुटतात. मागाच्या नुसत्या आवाजावरून हा ठोका ओळखण्याची सवय त्यांच्या कानांना तेव्हाच जडली होती.

चाक पुन्हा चढले. पाण्यावाचून अशी मोटार चालवू नये, नाही तर ती तापून जळते. म्हणून ती पाण्याने भरलेल्या पिंपाच्या काठावर अडकवली. कोळ्याने दोरी हातात घेतली, खांदा चोळला आणि मिस्त्रींकडे पाहिले.

“ओढा की,” मिस्त्री म्हणाले.

पहिल्या ओढीला ती नुसती खोकली. दुसऱ्या ओढीला धूर सोडून चालू लागली, आणि पिंपातले पाणी उसळून मुलाच्या अंगावर आले. तो मागे सरला नाही. मिस्त्रींनी हाताने मूठ हळूहळू वाढवली, कमी केली, पुन्हा वाढवली. मान एका बाजूला कलती करून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग मोटार बंद करून त्यांनी तबकडीवर आणि तिच्या शेजारच्या धातूवर छिन्नीने एक सरळ रेघ ओढली, म्हणजे पुढे कोणी पेच ढिला केला तरी जागा सापडावी, आणि ती रेघ कोठे आहे हे मुलाचे बोट धरून त्याला दाखवले.