रेषेचा भाव

खाजगी मोजणीदाराला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘मोजणीचे एकरी किती घ्याल?’ जमीन कोणत्या गावी आहे, तीत ऊस उभा आहे की मधून ओढा जातो, याचा त्यात उल्लेखही नसतो. कापडाच्या दुकानात मीटरचा भाव विचारावा, तसा हा एकराचा भाव. याचा दोष विचारणाऱ्याला देता येत नाही. मुंबई इलाख्यातील मोजणीची शंकुसाखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. जेथे हिशेब इतका सरळ, तेथे मजुरीही गुणाकारानेच निघावी, असे त्याला वाटले तर नवल नाही. परंतु मोजणीदाराचे कष्ट क्षेत्रफळात नसतात. ते कोपरा शोधण्यात असतात. उघड्या माळावरची दहा एकरांची मोजणी दुपारपर्यंत आटोपते, आणि गावालगतच्या चार गुंठ्यांत हद्दीचा एक दगड सापडेना म्हणून दोन दिवस जातात.

म्हणून अनुभवी माणूस भाव सांगण्याआधी उलट विचारतो : गट नंबर काय, मूळ मोजणीचे टिपण काढले का, दगड जागेवर आहेत का, शेजारी कोण? ग्राहकाला ही टाळाटाळ वाटते. मग तो दुसरीकडे जातो, स्वस्त भाव ऐकतो, आणि काम अर्ध्यावर आल्यावर वाढीव मागणीने चिडतो.

इंग्रजी अमदानीत १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतांची मोजणी आरंभिली, तेव्हा हा प्रश्न शेतकऱ्याला पडण्याचे कारण नव्हते. मोजणी सरकारची होती आणि हेतू साऱ्याचा होता. हातभर चुकीने सारा फारसा बदलत नसे. आज हमरस्त्यालगत तोच हात लाखोंचा झाला आहे, पण आधार मात्र बऱ्याचदा त्या जुन्या मोजणीच्या कागदाचाच. भावाची खरी गाठ येथे आहे.

मागण्याही तेथूनच निघतात. ‘उद्या करून द्या’ ही त्यांतली सौम्य. ‘शेजाऱ्याला कळू देऊ नका’ ही त्याहून अवघड. कारण सरकारी मोजणीत लगतच्या खातेदाराला नोटीस देणे आवश्यक असते, आणि हद्द अधिकृत ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या प्रमाणित नकाशाने, खाजगी आराखड्याने नव्हे. यंत्रावरचा विश्वास हा निराळाच प्रकार. उपग्रहाच्या साहाय्याने काही सेंटिमीटरपर्यंत बिंदू सांगता येतो हे खरे. पण पणजोबांच्या काळचा दगड कोणी व केव्हा हलविला, हे त्या उपग्रहाला ठाऊक नसते.

सर्वांत कठीण मागणी सातबारा हाती धरून येते. कागदावर दोन एकर दहा गुंठे, जमिनीवर दोन एकर. ‘साहेब, पैसे चार जास्त घ्या, पण माझे दहा गुंठे भरवून द्या.’ ते गुंठे रस्त्यात गेलेले असतात, ओढ्याने खाल्लेले असतात, किंवा वर्षाला एक तास याप्रमाणे शेजाऱ्याच्या नांगराने बांध कोरलेला असतो. कधी मूळ कागदातच चूक असते. ‘तात्या, रेषा मी आखत नाही, होती ती दाखवितो,’ एवढेच मोजणीदाराला म्हणता येते. तात्यांना ते पटत नाही. पैसे मोजायचे, आणि हाती कमी जमीन घ्यायची, हा व्यवहार कोणाला पटावा?

मराठी ग्रामीण कथेत पाटील व तलाठी जितके भेटतात तितका हा माणूस भेटत नाही, याचे आश्चर्य वाटते. दोन्ही बाजूंनी संशय घ्यावा असा तो एकटाच तेथे उभा असतो. शहाणा मोजणीदार आधी फक्त कागद पाहण्याचे पैसे घेतो, आणि आपण काय करणार नाही, हेही लिहून देतो. काही गिऱ्हाइके तेवढ्यावरच परत जातात. उरलेल्यांपैकी एखादा सरकारी मोजणी मागवितो, ती मनासारखी न निघाली तर पुन्हा शुल्क भरून वरिष्ठांकडून निमताना मोजणी करवितो; आणि त्या सकाळी दोन्ही शेजारी आपापल्या मोजणीदारासह बांधावर हजर असतात.