सांताचं बजेट

मागच्या डिसेंबरात नोकरी गेली आणि मी पुण्याहून कन्नडला परतलो. त्याच आठवड्यात भाचीच्या शाळेचा निरोप आला: नाताळला सांता येणार, पालकांनी नाव घालून भेट गुपचूप आणून द्यावी. दाजींचा कापूस भावासाठी घरातच पडून होता. आदल्या वर्षी रिमोटची गाडी मीच आणली होती, त्यामुळे ताई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

अरविंद गुप्ता आठवले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. 1978 साली टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवायला गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी खेळणी केली. मीही ट्यूब आणली, काड्यांचे गुल खरवडले, सगळं डब्यात भरलं. खर्च 50 रुपयांच्या आत. स्वतःवर खूश होतो.

भाची रडतच घरी आली. सगळ्यांसमोर मोठमोठी खोकी फुटली होती, हिच्या डब्यात काड्या. ही बाजू मी धरलीच नव्हती.

रात्री तिने विचारलं, "मामा, सांताकडे पैसे नव्हते का?"

"नव्हते."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग डबा उघडला. चौकोन दाबला की कलंडायचा, त्रिकोण हलायचा नाही. त्रिकोणांचं घर उभं राहता राहता ट्यूब संपली.

सकाळी आम्ही दोघं सायकलच्या दुकानात गेलो.