थोरल्यांच्या वयाइतके क्रौंच

ऑगस्टच्या ६ तारखेला जपानमधल्या सेंदाईच्या इचिबानचो बाजारपेठेत सरळ समोर बघून चालणे अवघड. छप्पर असलेल्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दहा-दहा मीटर लांबीचे बांबू वाकवून उभे केलेले असतात आणि त्यांवरून उतरलेल्या कागदी झिरमिळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या केसांना, खांद्यांना लागत राहतात. हा तानाबाताचा उत्सव, ६ ते ८ ऑगस्ट. दुकानदार महिनोन्‌महिने खपून सजावट करतात, पण ६ तारखेच्या सकाळपर्यंत ती कुणाच्या नजरेस पडू देत नाहीत.

मी आले होते ती शाळकरी मुलांनी केलेले क्रौंच बघायला. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि त्याच वर्षीपासून शहरातल्या शाळांची मुले दर उन्हाळ्यात कागदाचे क्रौंच करून या उत्सवात टांगतात. हजारो क्रौंच, दोऱ्यांत ओवलेले. लांबून रंगांचा एकच लोंढा दिसतो. जवळ गेल्यावर एखाद्याची बोथट चोच दिसते, एखाद्याचा पंख तोकडा, कुठे कागद उलगडून पुन्हा दुमडल्याची जास्तीची घडी. मला त्या जास्तीच्या घड्या फार आवडल्या. आता क्रौंच करणाऱ्यांत २०११ साली जन्मलेलीही नव्हती अशी मुले आहेत.

आपत्तीत सापडलेल्यांसाठी लांबच्या लोकांनी क्रौंच पाठवायचे, एवढीच ही प्रथा मला ठाऊक होती. इथे मात्र ज्या शहराला फटका बसला, त्याच शहराची मुले ते करतात. या उत्सवाचा स्वभावच तसा असावा. जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात सेंदाई जळाले, आणि पुढच्याच वर्षी याच इचिबानचोच्या राखेत लोकांनी ५२ बांबू उभे केले होते. २०११ मध्ये त्सुनामीला पाच महिने होतात न होतात तोच उत्सव झाला. त्याचे सूत्र होते पुनर्उभारणी आणि मृतांना शांती.

कोतोदाई उद्यानात सजावटीचे प्रकार स्वतः करून बघता येतात. तिथल्या एका आजींनी मला शेजारी बसवून घेतले. चौकोनी कागद, आधी कर्णावर घड्या, मग आडवी-उभी. त्या घड्यांवरून कागद आत मिटला की छोटा चौकोन तयार होतो. त्याच्या दोन्ही कडा मध्यरेषेवर आणायच्या, मोडायच्या, पुन्हा उघडायच्या आणि वरचा थर हलकेच उचलून ताणायचा. इथे कागद फाटेल अशी भीती वाटते, पण पाकळी उघडावी तसा तो उघडतो. मग मान, शेपूट, चोच. आजी प्रत्येक घडी नखाने दाबत होत्या आणि मी दाबली नाही की माझ्या बोटावर टिचकी मारत होत्या. भाषेची अडचण फोनने भागवली.

तानाबाताच्या सजावटीत परंपरेने सात वस्तू असतात. इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या, कागदी किमोनो, बटवा, मासेमारीचे जाळे, झिरमिळ्या, क्रौंच, आणि सातवी एक टोपली. त्या टोपलीत सजावट करताना उरलेले कागदाचे कपटे भरून तीही टांगतात. काटकसर आणि स्वच्छता यांची ती खूण. क्रौंच दीर्घायुष्यासाठी. घरात जे सर्वांत थोरले, त्यांच्या वयाइतके क्रौंच करायचे, असा जुना रिवाज. आजींनी हे सांगितले आणि माझ्या घरी कोण थोरले, असे विचारले. आई, म्हटले. मग पुष्कळ कागद लागेल, म्हणाल्या.

त्या रिवाजाचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. आदल्या दिवशी मी अराहामाला जाऊन आले होते. सेंदाईच्याच किनाऱ्यावरची ही वस्ती. तिथल्या चार मजली प्राथमिक शाळेत पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले, वर गेलेली ३२० माणसे वाचली. शाळा आता स्मारक म्हणून जपली आहे. आसपास घरे बांधायला बंदी आहे. थोरले माणूसच गेले त्या घरांनी पुढच्या ऑगस्टात क्रौंच कुणाच्या वयाइतके केले असतील? आजींना हे विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुनामीचा फटका बसलेल्या ओनागावा गावाची वाट धरली. सेंदाईहून इशिनोमाकी सुमारे तासाभराचे, तिथे गाडी बदलायची. वाटेत मात्सुशिमाचा उपसागर दिसतो आणि नंतर गाडी चढ घेते. नोबिरू स्थानक त्सुनामीनंतर खालून उचलून टेकडीवर नेले आहे. ओनागावा हे शेवटचे स्थानक. त्याचे पांढरे छप्पर पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखे आहे; वास्तुविशारद शिगेरू बान.

कागदाची गोष्ट इथे वेगळेच वळण घेते. बान यांनी संकटग्रस्तांसाठी कागदाच्या जाड नळ्यांची घरे बांधली, कापडाचे ठाण ज्यांवर गुंडाळतात तसल्या नळ्यांची. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर बांधली, आणि २००१ च्या भूकंपानंतर आपल्या भुजमध्येही. कोबेत पायासाठी वाळू भरलेले बिअरचे खोके वापरले होते, भुजमध्ये पडलेल्या इमारतींचा राडारोडा. २०११ मध्ये जपानच्या निवारा-केंद्रांत जमिनीवर अंथरुणे टाकून शेकडो माणसे एकमेकांच्या नजरेसमोर झोपत होती. बान यांनी कागदी नळ्या आणि पडदे लावून सुमारे १,८०० आडोसे उभारले. बाईमाणसाला कपडे बदलायला, एखाद्याला रडायला चार भिंती मिळाल्या. ओनागावात खेळाच्या मैदानावर मालवाहू कंटेनर एकावर एक रचून १८९ कुटुंबांची तात्पुरती घरेही त्यांनीच केली.

आडोसा आणि क्रौंच, दोन्ही कागदाचेच. पण पहिल्या आठवड्यात आडोसा हवा असतो. दहा हजार वस्तीच्या या गावातली आठशेवर माणसे एका दुपारी गेली. तेव्हा इथे ब्लँकेट, औषधे, शोध घेणारे हात लागत होते. भारताच्या एनडीआरएफ या आपत्ती-प्रतिसाद दलाचे ४६ जवान इथेच आले होते, त्या दलाची ती परदेशातली पहिली मोहीम. अशा दिवसांत आलेला हजार क्रौंचांचा पुडा जागा अडवतो, त्याचे काय करायचे हा प्रश्न दमलेल्या माणसांवर येतो. जपानमध्ये याबद्दल उघड बोलले जाते आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतल्या एका मोहिमेने २०११ मध्ये यातून चांगली वाट काढली. मुलांनी क्रौंच पाठवायचे आणि प्रत्येकामागे एका प्रतिष्ठानाने पुनर्उभारणीला दोन डॉलर द्यायचे. अपेक्षा एक लाखाची होती, आले वीस लाखांहून जास्त.

स्थानकापासून विटांचा रस्ता सरळ समुद्राकडे जातो. या गावाने पाणी दिसणार नाही एवढी उंच भिंत बांधली नाही. जमीन उचलली, घरे टेकड्यांवर नेली. २०११ साली माध्यमिक शाळेत आलेल्या इथल्या मुलांनी एक कोटी येन जमवले आणि २१ किनारी वस्त्यांत, पाणी चढले होते त्याच्या वर, एकेक दगड उभारला. भूकंप झाला की या दगडाच्याही वर पळा, असे ते दगड सांगतात. शेवटचा २०२१ मध्ये बसला. एका दगडापर्यंत मी चढून गेले. चढ चांगलाच दमवतो.

खाली एका लहान खाणावळीत जेवले. मालकीणबाई साठीच्या, त्या कंटेनरच्या घरात राहिलेल्या. मी बॅगेतला माझा क्रौंच दाखवला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मानेची घडी नीट बसवून दिली. असे खूप आले होते का, विचारले. खूप, म्हणाल्या. निवारा-केंद्रात आले ते कुठे गेले, आठवत नाही. पण पुढच्या हिवाळ्यात, वर्तमानपत्रांत आमचे नाव येईनासे झाले तेव्हा, एका शाळेकडून एक माळ आली, वर ओनागावा असे गावाचे नाव लिहून. ती घर बदलेपर्यंत खिडकीला होती. मग देवळात नेऊन रीतीप्रमाणे अग्नीला दिली.

आम्ही पाठवायचे तर कधी पाठवावे, मी विचारले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. आधी पैसे, म्हणाल्या. क्रौंच वर्षभराने. आणि कुणी केले त्याचे नाव चिठ्ठीवर लिहा, म्हणजे उत्तर पाठवता येते.