थांबायची सोय, फक्त २,०५० रुपयांत!

‘एव्हरीडे कॅरी’ नावाचा एक फंडा सध्या भलताच जोरात आहे. कुणीतरी गोरा साहेब लाकडी टेबलावर आपल्या खिशातल्या वस्तू ओळीने मांडून ठेवतो. टायटॅनियमचं पेन, पॅराशूटच्या दोरीचं ब्रेसलेट, घडीचा चाकू, अंगठ्याएवढा टॉर्च… आणि खाली किमती! एकट्या टॉर्चच्या पैशात आपला वर्षभराचा लोकलचा पास निघेल. व्हिडिओ बघायला जाम मजा येते, खोटं कशाला बोलू? पण साहेबाला जंगलात जायचं असतं आणि मला डोंबिवलीला. त्याला अस्वल भेटू शकतं, मला कुर्ल्याच्या रुळांवरचं पाणी. आणि घडीचा चाकू? मॉल, मेट्रो, ऑफिस, जिथे जाल तिथे बॅगेची तपासणी. पहिल्याच गेटवर तो सिक्युरिटीवाल्याच्या टेबलावर राहणार.

तशी ही आयडिया आपल्याला काही नवी नाही हं. आईच्या बांगडीला कायम दोन-तीन सेफ्टी पिना लटकलेल्या असायच्या. पर्समध्ये सुई-दोरा, आलेपाकाची वडी, घडी घातलेली कापडी पिशवी आणि कोपऱ्यात मुडपून ठेवलेली दहाची नोट. लेडीज डब्यात कुणाची चप्पल तुटो, कुणाला उलटी होवो, तोडगा त्या पर्समधूनच निघायचा. एव्हरीडे कॅरी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मी बीकेसीत अकाउंट्समध्ये आहे. घर डोंबिवलीला. कुर्ल्यापासून रुळांनी तीस किलोमीटरहून जास्त. आई गेल्यापासून घरी बाबा आणि मी, दोघंच. बाबांना डायबेटिस. त्यामुळे आपत्कालीन तयारी वगैरे शब्द ऐकले की मला एकच प्रश्न पडतो… मी इकडे आणि ते तिकडे अडकले, तर?

याचं उत्तर मला बाबांच्याच एका जुन्या गोष्टीत सापडलं.

२६ जुलै २००५. मी चौथीत होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. आज हवामान खातं २०४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘अतिमुसळधार’च्याही वरची पायरी धरतं, म्हणजे हा त्याच्या साडेचार पट! बाबा तेव्हा अंधेरीच्या एमआयडीसीत होते. मोबाइल बंद, लोकल बंद. रात्री नऊला शेजारच्या काकूंच्या लँडलाइनवर फोन आला. बाबा तीनच वाक्यं बोलले, “मी थांबलोय. जेवलोय. उद्या येतो.” आणि लाइन कटली. आई तेवढ्यावर शांत झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दारात हजर!

त्या दिवशी एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. कुणी पुरात, कुणी दरडीखाली, कुणी पाण्यात बंद पडलेल्या गाडीत गुदमरून. मोठी झाल्यावर मी बाबांना विचारलं, “तुम्हाला चालत निघावंसं नाही वाटलं?” ते म्हणाले, “वाटलं ना. पण कॅन्टीनमध्ये डाळ-तांदूळ होता, फोन अधूनमधून लागत होता, आणि घरी तुझी आई होती. मग कशाला जायचं?”

बघा, यात शौर्यबिर्य काही नाही. खायला होतं, निरोप धाडता येत होता आणि घरचं टेन्शन नव्हतं, म्हणून माणूस थांबू शकला. आपण पाण्यात उतरतो ते हौसेने नाही. थांबायची सोय नसते म्हणून उतरतो. तेव्हा माझ्या खरेदीचा नियम एकच : ज्या वस्तूमुळे मला थांबता येईल, ती घ्यायची. बाकी टायटॅनियम साहेबालाच लखलाभ!

बॅगेत काय?

सुरुवात फुकटच्या वस्तूंपासून. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून ठेवा. फोन आत घालून तोंड दोनदा दुमडलं आणि रबरबँड लावला की पावसाची काय बिशाद! २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतर दुकानातल्या पातळ पिशव्या गेल्या, पण ही जाड पिशवी रोज घरात येतेच. पाण्याची बाटली आणि छत्री आपल्याकडे असतेच. फक्त छत्री लांब दांड्याची असू द्या. फोल्डिंगची पर्समध्ये मावते हे खरं, पण पाण्याखाली जमीन आहे की उघडं मॅनहोल, हे लांब दांडाच सांगतो. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर अशाच मॅनहोलमध्ये पडून गेले. गाडी सोडून चालत घरी निघाले होते ते.

एका कार्डावर घरचे चार नंबर, रक्तगट, चालू औषधं आणि तीन हेल्पलाइन लिहा : महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, पोलीस-अँब्युलन्ससाठी ११२, रेल्वेसाठी १३९. झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करून घेतलं, २० रुपये. हसू नका! फोन मेल्यावर स्वतःच्या सख्ख्या भावाचा नंबर पाठ असलेला एक माणूस शोधून दाखवा.

शिट्टी, ३० रुपये. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी तासभर वाजवता येते. लोहार चाळीतून घेतलेला एका पेन्सिल सेलवरचा एलईडी टॉर्च, १२० रुपये. फोनमध्ये टॉर्च आहे की, म्हणाल. आहे, पण अंधारात फोन बोलायला वाचवायचा असतो.

ओआरएसची दोन पाकिटं, ५० रुपये. केमिस्टकडून घेताना ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलंय का ते बघा. एकवीस ग्रॅमचं पाकीट अख्ख्या एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या ग्लासात पूर्ण पाकीट ओतायचं नाही. फुटाणे आणि खजूर, घट्ट झाकणाच्या डबीत, ८० रुपये. चिक्की पावसाळ्यात चिकट होते, म्हणून बाद. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवासी कित्येक तास गाडीतच होते. अशा वेळी मूठभर फुटाण्यांची किंमत कळते!

सगळ्यात महाग वस्तू पॉवर बँक, ९०० रुपये. इथे मात्र आकड्यांच्या मोहात पडू नका. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप. फोनला देताना व्होल्टेज वाढवावं लागतं, थोडी वीज उष्णतेत जाते, आणि हातात सहा-साडेसहा हजारच पडतात. म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदा फुल आणि वर थोडं. आपल्याला तेवढं पुरतं. वीस हजारवाला धोंडा रोज खांद्यावर कोण वागवणार? बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला असेल तोच घ्या. फूटपाथवरच्या निनावी डब्यात कसला सेल आहे, देव जाणे.

शिवाय सुटे तीनशे रुपये. हा खर्च नाही, बचत. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. नेटवर्कने मान टाकली की यूपीआयचाही उपयोग नाही. वडापाववाल्याला पाचशेची नोट दाखवली तर तो आपल्याकडे कशा नजरेने बघतो, ते ठाऊक आहेच!

बॅगेचा हिशोब : १,२०० रुपये.

ड्रॉवरमध्ये काय?

ही खरी गंमत! सगळं खांद्यावर वागवायची गरजच नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जुना सलवार-कुर्ता, टूथब्रश, सॅनिटरी पॅड्स आणि दोन दिवसांची स्वतःची औषधं ठेवा. प्लॅस्टिकची चप्पल, १५० रुपये. आणि एक पंचा, १०० रुपये. हो, पंचाच! टॉवेल दोन दिवस वाळत नाही, पंचा पंख्याखाली तासाभरात वाळतो. पुसायला, पांघरायला, उशी करायला, जखम बांधायला, सगळ्याला चालतो. इतकी मल्टिपर्पज वस्तू साहेबाच्या टेबलावर मी अजून पाहिलेली नाही.

गुडघाभर पाण्यातून यावंच लागलं, तर पोचल्यावर पाय साबणाने स्वच्छ धुवा. पायावर साधा ओरखडा असला, तरी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. लेप्टोची प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. स्वतःच्या मनाने नको.

ड्रॉवरचा हिशोब : २५० रुपये.

आणि घरी?

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला तो इथे. मी यादी काढली तर बाबा म्हणाले, “मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ.” मी म्हटलं, “बाबा, हे तुमच्यासाठी नाहीच मुळी, माझ्यासाठी आहे. इथलं सगळं ठीक आहे हे मला माहीत असेल, तरच मी तिथे थांबेन. नाहीतर निघेन कंबरभर पाण्यातून.” मग गप्प बसले. दुसऱ्या दिवशी स्वतःच कॅन घेऊन आले!

वीस लिटरचा पाण्याचा कॅन, २०० रुपये. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर दोघांना तीन दिवस पुरतं. सोसायटीत वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की नळ कोरडे, म्हणून तो भरलेलाच ठेवायचा आणि आठवड्याला पाणी बदलायचं. चार्जिंगचा दिवा, ४०० रुपये. मेणबत्ती नको, अंधारात पडदा कधी पेटेल सांगता येत नाही. बाबांच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणायच्या. शुगर अचानक उतरली तर हाताशी म्हणून उशाशी ग्लुकोजची पुडी. कागदपत्रांच्या झेरॉक्स वरच्या फडताळात. आणि फ्लॅटची एक चावी समोरच्या वहिनींकडे. शेवटच्या चार गोष्टींना ज्यादा पैसे लागले नाहीत. गोळ्या आणि ग्लुकोज तर आधीपासून येतच होतं.

पावसाळ्याआधी महापालिका मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, म्हणजे शहरातलं पाणी समुद्रात जायला वाट नाही. त्या तारखांना बाबांनी कॅलेंडरवर लाल गोल केलेत. त्या दिवशी मी डबा जरा मोठा नेते.

घरचा हिशोब : ६०० रुपये. एकूण बेरीज २,०५०. एका वीकेण्डचा मल्टिप्लेक्स आणि जेवण म्हणा ना! एकदम जमत नसेल तर पहिल्या पगारात फुकटच्या वस्तू, टॉर्च आणि शिट्टी, दुसऱ्यात पॉवर बँक, तिसऱ्यात घर. यादी तुमच्या रस्त्याप्रमाणे बदलेलच. कारने जाणाऱ्याने काच फोडायची छोटी हातोडी ठेवावी, आणि ती पुढच्या काचेवर नाही, दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावी. त्याआधी, पाणी दारापर्यंत चढायच्या आत गाडी सोडून द्यावी हे उत्तम.

२५ सप्टेंबर २०२४ची संध्याकाळ आठवतेय? धो धो पाऊस, लोकल खोळंबलेल्या, ऑफिसात चुळबुळ. कुणी म्हणालं, “विक्रोळीपर्यंत चालत जाऊ, पुढे बघू.” मी ड्रॉवर उघडला. आम्ही तिघी थांबलो, फुटाणे वाटून खाल्ले, पंचा कुणी पांघरायचा यावर भांडलो. फोन लागत नव्हता, पण मेसेजला जरा फट मिळाली की तो निसटतो. आमचा फॉरमॅट ठरलेला आहे : कुठे, कशी, पुढचा निरोप कधी. मी टाइप केलं, “ऑफिसात थांबलेय. ठीक. पुढचा ११ला.”

दहा मिनिटांनी उत्तर आलं, “गोळी घेतली. दिवा चार्ज आहे. निवांत ये.”

‘लवकर ये’ नाही, ‘निवांत ये’! दोन हजार पन्नास रुपयांत मला जे हवं होतं ते हेच. येत्या रविवारी घरच्यांबरोबर बसा आणि तुमचा निरोपाचा फॉरमॅट तेवढा ठरवून टाका. त्याला तर एक पैसाही लागत नाही.