मायने पाहिलेला समुद्र

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला समुद्र भेटतो तो दोन ठिकाणी : भूगोलाच्या पुस्तकात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात. वसतिगृहात असताना मला तो दोन्हीकडे भेटला. पुस्तकातला समुद्र पाठ करावा लागे. कॅलेंडरातला विनासायास डोळ्यांत उतरे. निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि पाण्याकडे झुकलेला एकच माड. एप्रिल-मे महिन्यांत अमडापूरच्या उन्हात त्या चित्राकडे नुसते पाहिले तरी बरे वाटत असे.

नोकरी लागल्यावर मायला विचारले, "तुला कुठं जायचं असेल तर सांग." निंदणी, वेचणी आणि डोक्यावरचे हंडे यांत जिचे आयुष्य गेले, तिने क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, "जलमात एकडाव समुंदर पाहाचा हाय." माझ्याजवळ साडेतीन हजार रुपये आणि तीन दिवसांची रजा होती. तेवढ्यात गोवा बसत नव्हता. मुंबईहून लाँचने तासाभरात पलीकडे उतरता येते, म्हणून अलिबाग ठरले. 2020 चा फेब्रुवारी महिना होता, माघ पौर्णिमेचा सुमार.

शेगावहून विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसलो. मायच्या पिशवीत चार दिवस पुरतील एवढ्या भाकरी आणि ठेचा. शेजारच्या प्रवाशाने विचारले, कुठे निघालात? मी 'अलिबाग' म्हणताच डब्यात हशा पिकला. मुंबईकर एखाद्याला भोळसट ठरवताना "अलिबागसे आया है क्या?" असे विचारतात. या वाक्यावर बंदी घालावी म्हणून 2019 मध्ये एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आमची गोष्ट तर याहून अवघड होती. आम्ही अलिबागहून आलेलो नव्हतो, पैसे खर्चून अलिबागला चाललो होतो.

गेटवेवरून लाँच, मांडव्याहून बस असे करीत दुपारी पोहोचलो. परवडणारी खोली शोधण्यातच दिवस कलला. अखेर मिळालेल्या खोलीच्या दाराशी 'समुद्र दिसणारी खोली' असे लिहिलेले होते. ते अगदीच खोटे नव्हते. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती. परंतु गजांतून तोंड बाहेर काढून मान डावीकडे वळविली, तर दोन पाण्याच्या टाक्यांमधून बोटभर राखाडी पट्टी दिसे. मायने पाहून घेतले आणि म्हणाली, "मान दुखली, पन दिसला."

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. घोडागाड्या होत्या, भेळेच्या गाड्या होत्या, फुगे फोडायच्या बंदुका होत्या. समुद्र तेवढा नव्हता. जिथे पाणी असावे तिथे काळसर ओली वाळू दूरवर पसरलेली, मधूनमधून डबकी, आणि त्यापलीकडे कुलाबा किल्ला कोरड्यात उभा असल्यासारखा. निळा रंग तर कुठेच नव्हता. मला वाटले, आता माय हिरमुसणार. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या दुरून पाहुनं आलो, अन् समुंदर घरीच नाई!"

भेळवाला हसू लागला. त्याने समजावून सांगितले की, पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती बेताची. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. "आज घरी नाही, आजी. उद्या सकाळीही नसेल. पण सकाळी या, पायी किल्ल्यात जाल. दुपारी तो परत येईल." समुद्र तिथी पाळतो, हे ऐकून मायचा त्याच्याविषयीचा आदर एकदम वाढला.

रात्रीचे वर्णन थोडक्यात करतो. पंखा आवाज करी, वारा देत नसे. डासांना मात्र त्याची अडचण होत नसे. खानावळीत ज्वारीच्या भाकरीऐवजी तांदळाची भाकरी आली. सोबतच्या गुलाबी सोलकढीकडे मायने संशयाने पाहिले. "हे औषीद हाय का?" असे विचारून एक घोट घेतला, आणि नंतर दोन वाट्या मागून घेतल्या.

सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्याकडे निघालो. लुगडे खोचून माय माझ्या पुढे चालत होती. चिखलात कसे चालावे हे तिला शिकवावे लागत नव्हते. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात उभारणी सुरू झालेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने गाजलेला हा किल्ला. त्याच्या तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून शिरते आणि तिचा जोर मोडतो. मी हे सारे सांगत होतो. मायचे लक्ष दुसरीकडेच होते. आत एक विहीर होती.

विहिरीवर कोणी पाणी काढीत होते. मायने ओंजळ पुढे केली, घोट घेतला आणि माझ्याकडे वळून पाहिले. पाणी गोडे होते. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर! ती तिथेच पायरीवर बसली. पाण्याची पारख तिच्याइतकी कोणाला असणार? दोन मैलांवरून हंडे आणलेले, दुसऱ्याच्या विहिरीवर दूर उभे राहून कोणी वरून ओतील याची वाट पाहिलेले. येथे तिला कोणी काही विचारले नाही. याच रायगड जिल्ह्यात महाड आहे, आणि 20 मार्च 1927 रोजी तेथे ओंजळभर पाण्याने काय घडविले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. मायने तो विषय काढला नाही. तिने आणखी एकदा ओंजळ भरली, आणि पिशवीतली रिकामी बाटली काढून पुढे केली.

पाणी चढण्याआधी परतलो. दुपारी किनाऱ्यावर बसलो असता, सकाळी ज्या वाटेने चाललो ती वाट डोळ्यांदेखत बुडाली. समुद्र घरी आला होता. मातकट, पुराच्या नदीसारखा. कॅलेंडराशी त्याचे काहीच नाते नव्हते. मायने बोट बुडवून जिभेला लावले, थुंकली आणि निकाल दिला, "एवढं पानी, अन् पेयाच्या कामाचं नाई. आपलं लोनार मोठं करून पसरलं, की झाला समुंदर." लोणारच्या खाऱ्या सरोवराशी केलेली ही तुलना मला आजवर कोणत्याही पुस्तकात आढळलेली नाही, आणि ती खोडूनही काढता आलेली नाही.

परत आलो तेव्हा खिशात एकशे चाळीस रुपये उरले होते. आळीतल्या बाया समुद्राची गोष्ट ऐकायला जमल्या. मायने लाटांचे वर्णन केले नाही, किल्ल्याचे केले नाही. तिने बाटली काढली आणि प्रत्येकीच्या ओंजळीत घोट घोट पाणी घातले. "समुंदराच्या मधातलं हाय," ती म्हणाली, "पन गोडं हाय. पेऊन पाहा."